शूटिंग मंगळवारचं, आपण जाणार रविवारी

आमच्याकडे शनिवारी सकाळी साडेनऊला टीव्ही लागतो म्हणजे लागतोच. बातम्या नाहीत, क्रिकेट नाही, केबलवाल्याच्या लोकल चॅनेलवर तो वीकेंडचा कार्यक्रम लागतो ना, तो. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे बरंच वाकडं बोलणारे आणि उगाच कुणाच्या पोटावर पाय नको, पण पुण्यात ज्यांनी अजून केबल काढून टाकलेली नाही त्यांना चार ओळीत कळेलच. अर्धा तास असतो. आधी एक ठिकाण, मग तिथलं खाणं, मग लाइफस्टाइल नावाचा एक तुकडा (त्याच्यावर खाली बोलू, बोलायलाच पाहिजे) आणि शेवटी तीन मिनिटं कसं जायचं. तीन वर्षं बघतोय आम्ही. दीडशे शनिवार धरा, त्यातले निम्मे रिपीट, तरी पाऊणशे ठिकाणं सोफ्यावर बसून झाली आणि त्यातल्या अकरा ठिकाणी खरंच जाऊन आलो, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क कमावलाय असं मी समजते.

बघणारे चौघं. सासूबाई, ज्यांचं माहेर वाई आणि ज्या टीव्हीशी बोलतात. नवरा, ज्याला गाडी चालवायची हौस आहे पण ट्रॅफिक दिसलं की रक्त उकळतं. मी. आणि मुलगी, नववीत, जी मोबाईलमध्ये डोकं घालून बसते आणि बघत नाहीये असं दाखवत सगळं बघते.

तर मूळ शोध तिचाच. एका एपिसोडला अँकर कुठल्याशा नदीच्या घाटावर उभी राहून "तर मंडळी, अशा निवांत रविवारी" वगैरे बोलत होती आणि तिच्या मागून शाळेच्या गणवेशातली पाचसहा पोरं दप्तरं घेऊन गेली. मुलगी मान वर न करता म्हणाली, "रविवारी कुठली शाळा असते?" झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे हा खेळच सुरू झाला, दर शनिवारी मागे काय दिसतंय ते शोधायचं. बँकेच्या दारात रांग. ग्रामपंचायतीसमोर पंधरा मोटारसायकली आणि आत साहेब बसलेत. पोस्टमन. एकदा तर आठवडे बाजारच, आणि त्या गावचा बाजार मंगळवारी भरतो हे सासूबाईंना तोंडपाठ. कार्यक्रम वीकेंडचा, पण ही माणसं वीकेंडला कधी बाहेर पडलेलीच नाहीत. सोमवार ते गुरुवारात कधीतरी जातात, रिकामं पार्किंग, रिकामा घाट, रिकामी पायवाट असं सगळं टिपून आणतात, आणि शनिवारी सकाळी आपल्याला दाखवतात की बघा किती शांत आहे, या. मग आपण जातो. सगळेच जातात.

आता हे काही पाप नाही हो. शूटिंगला गर्दी नको असते, ड्रोन उडवायचा असतो, कॅमेरावाल्यालाही रविवारी घरी बसावंसं वाटत असेल, कबूल. पण मग तेवढं सांगा ना. एक पट्टी चालवा खाली, की हे चित्रण मंगळवारी सकाळी आठला केलेलं आहे, रविवारी अकराला इथे पाय ठेवायला जागा नसते. पट्ट्या चालवायला यांना काही अडचण नाही, मॉड्युलर किचनवाल्याचा नंबर अर्धा तास खालून सरकतच असतो.

चांगलं आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती किरकिर करतेय. निघोजच्या रांजणखळग्यांचा एपिसोड. हा मी तीनदा बघितला आणि पुन्हा लागला तर चौथ्यांदा बघेन. पारनेर तालुक्यात, शिरूरवरून पुढे, कुकडी नदीचं पात्र. एका काठाला निघोज, दुसऱ्या काठाला टाकळी हाजी, म्हणजे नदी ओलांडली की नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर) पुण्यात आलात, आणि मध्ये तो काळा कातळ असा कोरलेला, रांजणच्या रांजण, काही हंड्याएवढे आणि काहींत अख्खा माणूस दिसेनासा होईल एवढे. त्या दिवशी अँकरचा घसा बसलेला होता, त्यामुळे ती फार बोललीच नाही, आणि माझ्या मते एपिसोड चांगला व्हायचं अर्धं कारण तेच. कॅमेरा नुसता एका खळग्याच्या तोंडाशी नेऊन धरला, तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले, आणि एक गावातलेच गृहस्थ, धोतर, डोक्याला टोपी, सावकाश सांगत होते की पूर आला की गोटा खाचेत अडकतो, भोवऱ्यात गरागरा फिरतो, दगडाला दगड घासतो, खाच खोल होते, मग त्यात आणखी गोटे पडतात, असं हजारो वर्षं चाललंय. एवढंच. ना "निसर्गाचा चमत्कार" ना "स्वर्गच जणू". मग मळगंगेच्या देवळाची घंटा ऐकू आली, पाण्याचा आवाज, आणि जवळजवळ मिनिटभर कुणी काही बोललंच नाही. मुलीने मोबाईल खाली ठेवला. मी सांगते, आमच्या घरात यापेक्षा मोठा पुरस्कार नाही.

आम्ही पुढच्याच आठवड्यात गेलो तिथे. रविवारीच गेलो, पण निघोजला तेवढी झुंबड नसते, किमान तेव्हा नव्हती, त्यामुळे दाखवलं ते आणि दिसलं ते साधारण सारखंच निघालं. एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, की तो कातळ दुपारी असा तापतो की चप्पल काढून बसायची सोय नाही. फेब्रुवारीतच भाजून निघालो. मे मध्ये जाणाऱ्यांनी विचार करा.

आता वाई. सासूबाईंचं माहेर, त्यामुळे आदल्या रात्री दोन बहिणींना फोन गेले, उद्या बघा गं आपलं गाव लागणारे. सुरुवातच अशी की अँकर गाडीत बसलेली, "पुण्याहून निघालोय, खंबाटकी पार करतोय", आणि खिडकीबाहेर बोगदा. नवरा ताडकन उठून बसला. कारण तेव्हा नवीन बोगद्याचं काम चालूच होतं, आणि जुना बोगदा फक्त साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी, जाताना घाट चढूनच जावं लागायचं, हे त्या रस्त्यावर एकदा गेलेल्या माणसालाही माहीत असतं. म्हणजे परत येतानाचं चित्रण जातानाचं म्हणून लावलं होतं. बारीक गोष्ट आहे, पण ज्या कार्यक्रमाचं कामच रस्ता दाखवायचं आहे त्याने उलटा रस्ता दाखवावा?

मग ढोल्या गणपती आला, तो बरा झाला, रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ हे तारखेसकट सांगितलं, सासूबाई खूश. मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा तो चंद्रकोरीसारखा घाट, सगळं सुंदर दिसत होतं, आणि मग ती मोठी घंटा आली आणि अँकर म्हणाली, "ही शिवकालीन घंटा". सासूबाई टीव्हीला म्हणाल्या, "अगं बाई गं, शिवकालीन कुठली, वसईची आहे ती!" आणि खरंच आहे ते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून घेतली, तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून आपल्या देवळांत टांगल्या, तसली एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, आणि एक ही. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. कॅमेरा त्या आकृतीवरून गेला! आम्हाला दिसली! आणि ही शिवकालीन म्हणतेय! शंकराच्या देवळाशेजारी मेरीमाता टांगलेली, त्याच्यामागे वसईची लढाई, यापेक्षा भारी गोष्ट कुठल्या टीव्हीवाल्याला मिळणार होती, आणि ती समोर लटकत असताना यांनी सोडून दिली.

सासूबाईंनी स्क्रीनवरच्या नंबरला फोन केला. फोन उचलणारा मुलगा गोड होता, म्हणाला, "सॉरी आजी, कळवतो वरती." सहा महिन्यांनी एपिसोड रिपीट झाला, घंटा अजून शिवकालीनच. सासूबाईंचा राग घंटेवरून पण नाहीये खरंतर. त्यांचं म्हणणं असं की वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे बसून काम करायचे, आणि तुम्ही त्या गावात जाऊन मोबाईलवर सापडलेलं काहीतरी वाचून दाखवता, दहा मिनिटं चालत जाऊन कुणाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. कंदी पेढ्यांवर मात्र पूर्ण पाच मिनिटं.

कासच्या एपिसोडबद्दल थोडक्यात लिहिते कारण बीपी वाढतं. "सात वर्षांनी फुलणारं कास पठार, ही संधी सोडू नका!" हे वाक्य यांनी दोन वर्षं लागोपाठ वापरलं, गणित तुम्हीच करा. अहो, पठार दरवर्षी फुलतं, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेरडा, गेंद, सीतेची आसवं, सोनकी, मिकी माऊस म्हणतात तो पिवळा कवला. सात वर्षांनी एकदा येते ती टोपली कारवी. त्यात अँकर फुलांच्या मधोमध बसलेली, ओढणी उडवत. तिथे खाली जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट कातळ आहे, त्यावर मातीचा थर असा वीतभरसुद्धा नाही, सगळं वैभव त्या तेवढ्याशा मातीवर उभं आहे, म्हणून तर तिकीट काढून, माणसं मोजून सोडतात, पश्चिम घाट २०१२ ला जागतिक वारशात गेला त्यात कास पण आहे. आणि ही बाई फतकल मारून बसलीय. पुढच्या रविवारी तिच्यासारखा फोटो काढायला किती जणी बसल्या असतील?

बरं, आता आमची स्वतःची फजिती. लोहगड-भाजे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, रायगड, राजगड, शिवनेरी वगैरे, त्यात लोहगड पण, आणि आमच्या कार्यक्रमाने ताबडतोब जुना लोहगडचा एपिसोड बाहेर काढून नवं संगीत लावून दाखवला. दिसत होतं ते अप्रतिमच होतं. धुकं, विंचूकाटा (गडाची ती लांब निमुळती सोंड) ढगात घुसलेला, गणेश दरवाज्यातून अँकर एकटी हळूहळू चढतेय, पायऱ्यांवरून पाणी वाहतंय, मागे बासरी. नवरा म्हणाला, जाऊया. मी म्हणाले, अरे मंगळवार आहे तो. तो म्हणाला, काही होत नाही, लवकर निघू.

सातला निघालो. कार्ला फाट्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पाऊण तासात किती सरकलो ते नवऱ्याने मोजलं पण इथे लिहू नको म्हणालाय. कसेबसे भाज्याला पोचलो, तिथून वर लोहगडवाडीकडे गाड्यांची ती रांग बघून सासूबाई म्हणाल्या मला इथे लेण्यांपाशी सोडा, मी बसते निवांत. आम्ही तिघं वर. आणि गणेश दरवाज्याशी, जिथून ती एकटी चढत होती ना, तिथे आम्ही पाऊण तास उभे. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात, कुणाचं तरी लहान मूल रडतंय, कुणीतरी ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावलीत, पायाखाली शेवाळ, आणि धुकं होतं हां, धुकं अगदी कार्यक्रमातल्यासारखंच होतं. मुलगी म्हणाली, "बासरी कुठंय?"

अर्ध्यातून परत आलो. खाली सासूबाई चैत्यात बसलेल्या, भाज्याचा तो मोठा चैत्य, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत, आणि आत मिळून सातजण. सात! शेजारी धबधब्याखाली जत्रा आणि लेण्यांत सात माणसं. सासूबाई म्हणाल्या त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं ठिकाण त्यांनीच बघितलं, आणि ते खरं होतं, आणि गंमत म्हणजे एपिसोडमध्ये भाजे लेण्यांना चाळीस सेकंद होते. मी घरी येऊन रिपीटला मोजले.

आणि यात नुसती फजितीच असते असं नाही. ३० जून २०२४ ला भुशी डॅमच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, मी पुन्हा वर्णन करत नाही. रविवार होता. १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने भरलेला असताना पडला, चार जण गेले. तोही रविवारच. म्हणून मी त्या मंगळवारच्या शूटिंगवरून एवढी भांडतेय. रिकामा पूल टीव्हीवर मजबूतच दिसतो. रिकाम्या धबधब्याखाली उभं राहणं सोपंच दिसतं. जो कार्यक्रम लोकांना घराबाहेर काढतो त्याने गर्दी कधीच दाखवली नाही तर लोकांना अंदाज येणार कुठून? या घटनांनंतर यांनी काय केलं, तर सुरुवातीला एक पाटी, "पर्यटनस्थळी काळजी घ्या", चार सेकंद, आणि त्याच एपिसोडला अँकर निसरड्या दगडावर उभी राहून हात पसरून फिरतेय. पावसाळी ठिकाणाला जाताना निदान एवढं तरी सांगा की वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम वाढतं. दहा सेकंदाचं वाक्य आहे.

आता लाइफस्टाइल. हा तुकडा आधी चार मिनिटांचा होता, हल्ली दहाचा झालाय, आणि तो वाढला तसं ठिकाण आखडत गेलं. सुरुवातीला बरा असायचा, प्रवासात नऊवारी कशी सांभाळायची, गाडी लागणाऱ्यांनी काय खावं (आवळासुपारी, हे सासूबाईंना पटलं), ट्रेकच्या बुटांची नाडी कशी बांधायची. हल्ली काय असतं तर तंबू. पवनेच्या काठचे तंबू. एका तंबूत पलंग, पलंगावर टॉवेलचा हंस, बाहेर शेकोटी, शेकोटीशेजारी गिटारवाला, याला ग्लॅम्पिंग म्हणायचं. आणि मग प्लॉट. ठिकाण कुठलंही असू दे, भोर असू दे, पानशेत असू दे, वाई असू दे, दहाव्या मिनिटाला अँकर म्हणणार, "इतका सुंदर परिसर, इथेच आपलं सेकंड होम असतं तर?" आणि कॅमेरा वळणार तो थेट कंपाऊंड घातलेल्या माळावर, एनए प्लॉट, कमान, दोन पाम लावलेले, क्लब हाऊस प्रस्तावित. जाहिरात आहे हे लिहितच नाहीत कुठे. आमच्या सोसायटीतले एक काका खरोखर बुकिंग करायला निघाले होते, म्हणे कार्यक्रमात दाखवलंय म्हणजे चांगलंच असणार.

हुरड्याचा किस्सा सांगते मग पुढे जाते. हुरडा पार्टीचा एपिसोड, तो खरंच चांगला केलेला होता हां. कोवळी ज्वारी, गुळभेंडी आणि सुरती यांतला फरक त्या शेतकरी ताईंनी दाणा हातावर घेऊन दाखवला, गोवऱ्यांची आगटी, कणीस निखाऱ्यात खुपसून किती वेळ ठेवायचं, मग हातावर चोळून गरम गरम दाणे, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, शेव. चोळताना हाताला चटका बसतो त्याचं पण हसत हसत सांगितलं. तोंडाला पाणी सुटलं सगळ्यांच्या. पण रिपीट लावला कधी? ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये हुरडा! हुरडा थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, ज्वारीचं कणीस दुधावर असतं तेव्हाचा, आणि बाहेर धो धो पाऊस पडतोय आणि हे सांगतायत "या रविवारी नक्की जा". पट्टीवर पुनःप्रक्षेपण असं लिहायला काय जातं? नवऱ्याने तरी जानेवारीत त्या नंबरला फोन केला, टीव्हीवर माणशी साडेचारशे सांगितलं होतं, फोनवर नऊशे. विचारलं तर म्हणाले साहेब तो एपिसोड कधीचा आहे बघा. त्यांचं काय चुकलं, ते बिचारे बरोबरच बोलत होते.

खाण्याचं म्हणाल तर मिसळ. दीडशे शनिवारांत मला वाटतं साठ मिसळी झाल्या असतील. चुलीवरची मिसळ, मडक्यातली मिसळ, मातीच्या ताटातली मिसळ, आणि प्रत्येक वेळी अँकर पहिला घास घेऊन डोळे मिटून मान हलवते, तोंडात घास जायच्या आधीच मान हलायला लागते हे मुलीने पकडलंय. "चुलीवरची" हा शब्द ऐकला की नवरा आता रिमोट शोधतो. भोरला जाऊन मिसळ, जुन्नरला जाऊन मिसळ. जुन्नरला मासवडी आहे हो! त्या भागात जाऊन मासवडी न दाखवणं म्हणजे काय म्हणावं याला.

आणि एक गोष्ट जी या कार्यक्रमात तीन वर्षांत एकदाही आली नाही. टॉयलेट. एकदाही नाही. मी बाई आहे, माझ्यासोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत आणि चौदा वर्षांची मुलगी, आमचा अख्खा रविवार या एका प्रश्नाभोवती फिरतो, कुठे थांबायचं, पंपावर चांगलं आहे का, गडावर सोय आहे का, नसेल तर सकाळपासून पाणी किती प्यायचं. कार्यक्रमाची अँकर बाई, मागे नाव येतं ती लेखिका पण बाई, त्यांना शूटिंगला हा प्रश्न पडला नसेल असं होणारच नाही. मग सांगत का नाहीत? ड्रोनने डोंगरावरून खाली येता, जरा पार्किंगच्या मागे पण या की.

शेवटची तीन मिनिटं, कसं जायचं, ती मात्र सोन्यासारखी. यात अँकर नसते, एका पुरुषाचा आवाज असतो, जरा घोगरा, अजिबात नाटकी नाही, स्क्रीनवर साधा नकाशा. "स्वारगेटवरून वाईच्या एसटी आहेत. स्वतःच्या गाडीने येत असाल तर सुरूर फाट्याला उजवीकडे वळा. मळवलीला उतरायचं तर लोणावळा लोकल, पण दुपारची वेळ बघून निघा, मध्ये गाड्या कमी असतात. परतीची शेवटची एसटी गावात विचारून घ्या, फलकावर विश्वास ठेवू नका." फलकावर विश्वास ठेवू नका! या माणसाने एसटी खरंच पकडलेली आहे, आणि कदाचित चुकलेली पण आहे. आम्ही याचं नाव घरात फाटावाले काका ठेवलंय. माझं चाललं तर अख्खा अर्धा तास यांना द्यावा आणि अँकरला तीन मिनिटं.

नवरा दरवेळी मिलिंद गुणाजीची भटकंती काढतो. अल्फा मराठीवर लागायची, केस वाऱ्यावर उडतायत, माणूस खरंच धापा टाकत चढतोय, आणि वर पोचल्यावर गडाबद्दलच बोलतोय. मी म्हणते तुलना बरोबर नाही, ते मोठं चॅनेल, इथे तीन माणसं एका व्हॅनमध्ये जाऊन सगळं करतात, आणि त्या काळी भटकंती बघून गडावर जाणारे किती असतील नि आता कार्यक्रम बघून जाणारे किती. पण तो म्हणतो धाप लागलेली दाखवायला पैसे लागत नाहीत. यावर मी गप्प बसते.

स्टार द्यायचे तर पाचातले तीन. निघोजसाठी एक, फाटावाल्या काकांसाठी एक, हुरडा आणि ढोल्या गणपती मिळून एक. घंटेचा अर्धा मी कापणार होते, सासूबाई म्हणाल्या अख्खा काप, मग वाद नको म्हणून तसंच ठेवलं. बंद करणार का बघायचं? छे. शनिवारी साडेनऊला चहा दुसऱ्यांदा गरम होतो आणि चौघं एका खोलीत असतात, हे आमच्याकडे आठवड्यात फक्त त्याच वेळी घडतं.

आणि हो, शेवटी आम्ही त्यांचंच तंत्र वापरलं. मागच्या महिन्यात मी बुधवारी सुट्टी टाकली, नवऱ्याने वर्क फ्रॉम होमला गुंडाळलं, मुलीला सकाळी पोटात दुखतंय असं वाटायला लागलं, आणि आम्ही चौघं मेणवलीला. जाताना घाट, येताना बोगदा, सरळ क्रमाने. घाटावर चिटपाखरू नाही. कृष्णेचं पाणी संथ, पलीकडे कुणीतरी म्हैस धूत होतं, सासूबाई घंटेखाली उभ्या राहून नातीला मेरीमाता दाखवत होत्या, १७०७ चा आकडा बोटाने गिरवून. अगदी टीव्हीत दाखवतात तसंच सगळं, फक्त बासरी नव्हती. तेवढ्यात वरच्या रस्त्याने गणवेशातली पोरं दप्तरं घेऊन निघाली, घाटाकडे बघत, आणि त्यातल्या एकीने आमच्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून मोठ्याने विचारलं, "ताई, तुला आज शाळा नाही का?" मुलगी लाल. आणि त्याच मिनिटाला माझ्या मोबाईलवर क्लास टीचरचा मेसेज, पोट कसं आहे आता.